ओढ्याकाठी अर्जुन लावताना: जागा, खड्डा आणि पहिले दोन उन्हाळे

अर्जुनाला सगळे पाण्याचं झाड म्हणतात, आणि इथेच घोळ होतो. पाण्याचं झाड आहे, ओढ्याकाठी लावलं की आपोआप येईल, असं धरून जुलैत रोपं टोचली जातात आणि मार्चमध्ये त्यांच्या काड्या झालेल्या असतात. मराठवाड्यातला ओढा चार महिने वाहतो आणि आठ महिने कोरडा पडतो. मांजरा, सिंदफणा, दुधना, कयाधू या नद्यांच्या काठी जुने, पांढऱ्या बुंध्याचे अर्जुन भर मे महिन्यात हिरवे दिसतात ते वाहत्या पाण्यावर नव्हे. त्यांची मुळं वाळूखालच्या, मुरमातल्या ओलीपर्यंत पोचलेली असतात. नव्या रोपाला तिथपर्यंत पोचायला साधारण दोन उन्हाळे लागतात. ती ओल मुळाच्या आवाक्यात असेल अशी जागा निवडायची आणि मूळ पोचेपर्यंत वरून पाणी द्यायचं, एवढंच हे काम आहे. पण त्यातलं जागेचं काम बहुतेक लोक पाच मिनिटांत उरकतात.

आधी झाड नीट ओळखा

अर्जुन म्हणजे टर्मिनालिया अर्जुना. ऐन, हिरडा, बेहडा हे याच कुळातले भाऊबंद. आपल्याकडे त्याला अर्जुनसादडा असंही म्हणतात, आणि ‘सादडा’ हे नाव ऐनालाही असल्यामुळे बी गोळा करताना गफलत होते. बुंधा बघितला की शंका राहत नाही. ऐनाची साल काळसर, मगरीच्या पाठीसारखी चौकोनी तडकलेली असते. अर्जुनाची साल गुळगुळीत, पांढरट-राखाडी, मध्येच गुलाबी झाक असलेली. तिचे पातळ पापुद्रे सुटून पडतात आणि खाली नवी फिकट साल दिसते.

झाडावर नेम धरता येत नसेल तर खाली पडलेलं फळ हातात घ्या. दोन्हींच्या फळांना पाच कडक पंख असतात. अर्जुनाच्या पंखावरच्या शिरा वरच्या बाजूला वळत जातात, ऐनाच्या आडव्या सरळ कडेपर्यंत जातात. पान उलटं करून देठाजवळ पाहिलं तर दोन बारीक ग्रंथी दिसतात, पण त्या कुळातल्या इतर झाडांनाही असतात. तेवढ्यावर भरवसा ठेवू नये.

ओढा वाचायचा तो मे महिन्यात

जागा पावसाळ्यात निवडू नका. जुलैत सगळा काठ हिरवा आणि ओला असतो, सगळीच जागा चांगली वाटते. एप्रिलच्या शेवटी किंवा मे महिन्यात, भर उन्हात, काठाने एक फेरी मारा आणि तीन गोष्टी बघा.

पहिली, हिरवं कुठे टिकून आहे. मे महिन्यात जिथे हरळी अजून हिरवी आहे, लव्हाळा उभा आहे, शिंदीचं झाड आहे किंवा करंजाचं रोप आपलं आपण उगवलंय, तिथे खाली ओल आहे. दुसरी, पुराची रेघ. बाभळीच्या फांद्यांत आणि झुडपांत अडकलेला काडीकचरा, प्लॅस्टिक, वाळलेलं गवत किती उंचीवर आहे ते बघितलं की गेल्या पावसाळ्यात पाणी कुठपर्यंत चढलं ते कळतं. तिसरी, काठ घासतोय का. ओढा वळतो तिथे बाहेरच्या अंगाला पाणी काठ खात जातं, आतल्या अंगाला गाळ-वाळू टाकत जातं.

या पाहणीनंतर काठाचे मनात तीन पट्टे पाडायचे. सगळ्यात खालचा पट्टा म्हणजे पात्र, जिथे पावसाळाभर पाणी वाहतं. तिथे अर्जुन नको. रोप मोडतं, आणि टिकलंच तर पुढे प्रवाहाला अडतं. तिथली जागा शेरणीच्या झुडपांची आणि लव्हाळ्याची. मधला पट्टा म्हणजे नेहमीच्या वाहत्या पाण्याच्या वर आणि पुराच्या रेघेच्या आत असलेला उतार. अर्जुनाची खरी जागा हीच. वाहत्या पाण्यापासून दोन-तीन फूट उंचीवर, वर्षातून एखाद-दोनदा बुडाला पाणी लागून जाईल अशी. सर्वात वरचा, पुराच्या रेघेबाहेरचा पट्टा करंज, जांभूळ आणि उंबराला द्या. अर्जुन तिथेही जगतो, पण पाणी जास्त वर्षं घालावं लागतं.

मधल्या पट्ट्यात जागा ठरली की पहारीने किंवा हाताच्या गिरमिटाने चार फूट खोल भोक पाडून बघा. तळाची माती मुठीत दाबली आणि तिचा लाडू झाला, बोटाला गार लागली, तर ती जागा पक्की. चार फुटांवर कोरडा, फुफाट्यासारखा मुरूम निघाला तर दहा-पंधरा पावलं पुढे सरका. एका ओढ्यावर दोनशे फुटांत तीन प्रकारची जमीन मिळते. शंभर रोपं मोजून सारख्या अंतरावर लावायचा हट्ट धरला की निम्मी चुकीच्या जागी पडतात. रांग सरळ दिसली पाहिजे ही शहाणपणाची गोष्ट नाही.

बाहेरच्या वळणावर काठ खचत असेल तर तिथे एकटं रोप काठ धरून ठेवेल या भ्रमात राहू नका. आधी उतारावर वाळ्याचे गड्डे वीतभर अंतराने आडव्या ओळीत लावा, मध्ये निरगुडीच्या फांद्या खोचा, आणि अर्जुन काठाच्या कडेपासून आठ-दहा फूट मागे घ्या. वाळुंज मिळाली तर तिच्या मनगटाएवढ्या ओल्या फांद्या पावसाळ्याच्या तोंडावर दोन फूट खोल ठोकल्या तरी फुटतात.

यंत्राने खोलीकरण-रुंदीकरण झालेल्या नाल्याचा प्रश्न वेगळा आहे. तिथे काठ भिंतीसारखा उभा असतो आणि उकरलेला मुरूम वर ढिगाने टाकलेला असतो. त्या ढिगावर लावलेलं रोप हमखास जातं, कारण मोकळा मुरूम पाणी धरत नाही आणि पहिल्या पावसात खाली बसतो. मूळ उघडं पडतं. ढीग दोन पावसाळे बसू द्या, किंवा ढिगाच्या मागच्या पायथ्याशी, मूळच्या जमिनीत लावा.

काही ठिकाणी मात्र लावायचंच नाही. पाझर तलावाच्या आणि माती नाला बांधाच्या भरावावर मोठं झाड नको. मुळं भरावात शिरतात, झाड मेलं की ती कुजून पोकळी होते आणि पाणी त्या वाटेने झिरपायला लागतं. कोल्हापुरी बंधाऱ्यापासून तीस फूट, विहिरीच्या बांधकामापासून आणि पाइपलाइनपासून किमान वीस फूट लांब राहा. ओढ्याचं पात्र बहुतेक ठिकाणी सरकारी असतं, तेव्हा गावनकाशा बघून आणि ग्रामपंचायतीला सांगून लावा. पुढे कुणी यंत्र घेऊन आलं तर त्या झाडामागे गाव उभं राहतं.

शेजारच्या शेतकऱ्याची तक्रार ठरलेली असते: सावली पडते. ती खोटी नाही, पण दिशेवर आहे. आपल्याकडे रब्बीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून सावली उत्तरेला पडते. ओढा पूर्व-पश्चिम वाहत असेल तर अर्जुन दक्षिण काठावर लावा. सावली पात्रावर पडते, डोहातलं पाणी चार दिवस जास्त टिकतं, आणि दक्षिणेकडच्या ज्वारी-हरभऱ्याला सावलीचा फारसा त्रास होत नाही. उत्तर काठावर लावायचंच असेल तर शेताच्या धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, वीस-पंचवीस फूट सोडा.

वेड्या बाभळीचं काय करायचं

बहुतेक ओढे वेड्या बाभळीने गच्च भरलेले असतात. सगळी एका दमात काढून काठ चकाचक करायचा मोह होतो. तो आवरा. आज काठ तिनेच धरला आहे, आणि तिच्या काट्यांनी शेळ्याही बाहेर राहतात. जिथे अर्जुन लावायचा तिथे फक्त दहा फूट व्यासाचं भोक पाडा. बुंधा जमिनीबरोबर कापला तर महिन्याभरात दहा फुटवे येतात. माती उकरून बुडाचा गड्डा जमिनीखाली वीतभर कापून काढावा लागतो. अर्जुन डोक्यावर गेला की चार-पाच वर्षांत पुढची बाभूळ काढत जा.

बी आणि रोप

अर्जुनाला उन्हाळ्यात आणि पावसाच्या तोंडावर पिवळसर-पांढरे तुरे येतात. त्याची फळं पुढच्या वर्षी फेब्रुवारीपासून पिकून तपकिरी होतात. मार्च-एप्रिलमध्ये झाडाखाली चादर टाकून फांद्या हलवा. जमिनीवर जुनी पडलेली, काळी पडलेली फळं घेऊ नका. त्यांत किडकी जास्त. किलोत साधारण दोनशे ते चारशे फळं बसतात.

पाण्यात टाकून तरंगलं ते बाद, ही शेतकऱ्याची नेहमीची परीक्षा इथे फसते. पंखांमुळे आणि लाकडी कवचामुळे चांगलं फळही तरंगतं. ओढ्याने बी वाहून नेण्याची ती युक्तीच आहे. त्याऐवजी ढिगातली वीस फळं कोयत्याने आडवी फोडा. आत पांढरा, भरीव गर असेल तर बी चांगलं. वीसपैकी दहांत पोकळी किंवा भुसा निघाला तर दुसरं झाड शोधा. बी एका झाडाचं न घेता पाच-सहा झाडांचं मिसळा, आणि शक्यतो आपल्याच नदीच्या खोऱ्यातल्या झाडांचं.

फळं दोन दिवस गार पाण्यात भिजवा, पाणी रोज बदला. दुसरी रीत अशी की उकळून खाली उतरवलेलं पाणी फळांवर ओतायचं आणि ते गार होईपर्यंत, म्हणजे रात्रभर, तसंच राहू द्यायचं. भांडं चुलीवर ठेवून फळं उकळायची नाहीत. मग ओल्या वाळूच्या वाफ्यात फळ आडवं ठेवून वर बोटभर माती टाका, पोतं अंथरा, सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी. दहा दिवसांत पहिले कोंब दिसतात, पण सगळी एकदम उगवत नाहीत. सहा-सात आठवडे वाफा मोडू नका. निम्म्याहून थोडी जास्त उगवली तर समाधान मानावं. बी वर्षापलीकडे साठवू नका, उगवण झपाट्याने उतरते.

बीजपत्रं पसरली आणि खरी दोन पानं आली की रोप पिशवीत घ्या. पिशवी आठ बाय बारा इंचांची. दोन भाग गाळाची माती, एक भाग वाळू, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत. काळी माती एकटी भरली तर पिशवीत तिची वीट होते. पिशव्यांवर पहिले दोन महिने सावलीची जाळी, नंतर हळूहळू ऊन.

आता महत्त्वाचं. एप्रिलमध्ये पेरलेलं रोप त्याच जुलैत वीतभर असतं. ते लावायची घाई करू नका. ओढ्याच्या काठावर गवत कमरेएवढं वाढतं आणि पुराचं पाणी गुडघाभर येतं. वीतभर रोप दोन्हींत हरवतं. पुढच्या जुलैपर्यंत सांभाळा, म्हणजे चौदा-पंधरा महिन्यांचं, तीन-चार फुटी, बुडाला अंगठ्याएवढं जाड रोप हाती येतं. मधल्या काळात दर दोन महिन्यांनी पिशव्या जागच्या हलवा, नाहीतर मुळं पिशवी फोडून जमिनीत जातात आणि उचलताना तुटतात.

विकत घ्यायचं तर सामाजिक वनीकरणाच्या किंवा खासगी रोपवाटिकेत अर्जुन सहज मिळतो. उंची बघून भुलू नका. पाच फूट उंच पण पेन्सिलीएवढं बारीक रोप दाटीत वाढलेलं असतं, वाऱ्यात आडवं होतं. एक पिशवी फाडून दाखवायला सांगा. तळाशी मुळांची चुंबळ झाली असेल तर तो सगळा लॉट जुना आहे.

खड्डा

खड्डे एप्रिल-मेमध्ये घ्या आणि महिनाभर तापू द्या. गाळाच्या किंवा काळ्या जमिनीत दोन फूट लांब-रुंद-खोल पुरे. मुरमाड काठावर तीन फूट. दोन अर्जुनांत पंचवीस फूट ठेवा. मोठ्या झाडाचा पसारा बघितला तर हेही कमी वाटतं. मधल्या जागेत करंज आणि निरगुडी लावली की काठ लवकर धरला जातो.

काळ्या जमिनीतल्या खड्ड्याचा एक दोष नेहमी नजरेतून सुटतो. यंत्राच्या गिरमिटाने किंवा ओल्या मातीत खोऱ्याने खड्डा घेतला की त्याच्या भिंती गुळगुळीत, लिंपल्यासारख्या होतात. अशा खड्ड्यात वाळू-मुरूम भरला तर आजूबाजूचं सगळं पाणी त्यात उतरतं आणि बाहेर पडत नाही; खड्ड्याची बादली होते आणि मूळ कुजतं. मूळ वाढलंच तर त्या भिंतीला धडकून गोल फिरतं. म्हणून पहारीने चारही भिंती आणि तळ उकरून खरबरीत करा, आणि काढलेली मातीच परत भरा. तिच्यात दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि वाळवीसाठी पाव ते अर्धा किलो निंबोळी पेंड मिसळा. कच्चं शेणखत टाकलं तर वाळवीला आणि हुमणीला आवतण दिल्यासारखं होतं.

मुरमाच्या काठावर उलट करायचं. निघालेला मुरूम अर्धा बाजूला ठेवा आणि त्याऐवजी तलावाचा किंवा पात्रातला गाळ भरा. चोपण, म्हणजे खारवट जमिनीत अर्जुन बऱ्यापैकी तग धरतो, तरी माती तपासून खड्ड्यात दोन-तीन किलो जिप्सम मिसळलेलं चांगलं.

भरलेला खड्डा जमिनीच्या वर चार बोटं उंच ठेवा. पावसाने माती बसते.

लागवड

मृगाच्या पहिल्या सरीला लावू नका. मराठवाड्यात मृग बरसून आर्द्रा कोरडी जाण्याची वर्षं काही थोडी नाहीत. खड्ड्यात हात घालून बघा. दीड वीत खोल ओल गेली असेल तर लावायचं. बहुतेक वर्षी ही वेळ आर्द्रा-पुनर्वसूत, म्हणजे जूनच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत येते. त्यापुढे फार लांबवू नये, कारण आपल्याकडे जोराचे पूर पुष्कळदा सप्टेंबरच्या परतीच्या पावसात येतात आणि तोवर रोपाला मुळं धरायला दोन महिने मिळायला हवेत.

पिशवी आदल्या दिवशी भिजवा. लावताना ब्लेडने उभी कापा, रोप धरून ओढू नका. तळाची गोल फिरलेली मुळं कात्रीने छाटा, आणि गोळ्याच्या बाजूंवर दोन-तीन उभ्या चिरा द्या. पिशवीतल्या मातीची पातळी आणि जमिनीची पातळी एक ठेवा. पुराच्या पट्ट्यात दोन बोटं खाली गेलं तरी चालतं. टाचेने घट्ट दाबा, पोकळी ठेवू नका. लगेच दहा लिटर पाणी, पाऊस चालू असला तरी. ते पाणी माती मुळाला चिकटवण्यासाठी असतं.

मग दोन काठ्या, रोपाच्या दोन अंगांना, पाणी ज्या बाजूने येतं त्या बाजूला थोड्या कललेल्या. सुतळीने थेट बांधलं की साल कापली जाते. जुन्या कापडाची चिंधी घेऊन इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी सैल गाठ मारा. उतारावर आळं गोल न करता चंद्रकोरीसारखं करा, बांध खालच्या अंगाला. पुराच्या पट्ट्यात पावसाळ्यात आळं करूच नका, पाणी त्यातून घुसून बूड उघडं पाडतं. ते ऑक्टोबरात करा.

पूर येऊन गेला की दुसऱ्या दिवशी काठावर फेरी हवी. आडवं झालेलं रोप माती ओली असतानाच उभं होतं. आठ दिवसांनी उभं करायला गेलं तर मूळ तुटतं. अडकलेला कचरा काढा, पानांवरचा चिखल बादलीभर पाण्याने धुवा, बुडाशी साचलेला गाळ चार बोटांपेक्षा जास्त असेल तर ओढून घ्या.

पहिला उन्हाळा ऑक्टोबरात सुरू होतो

उन्हाळ्याचं नियोजन मार्चमध्ये करणारा उशीर करतो. ऑक्टोबरच्या उन्हात वरचा थर सुकतो आणि रोपाची मुळं अजून त्याच थरात असतात.

हिशेब असा धरा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दर दहा दिवसांनी १५ लिटर, म्हणजे १२ पाळ्या आणि १८० लिटर. मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत दर आठवड्याला २० लिटर, १५ पाळ्या, ३०० लिटर. एका रोपाला पहिल्या वर्षी साधारण ५०० लिटर. शंभर रोपं म्हणजे ५० हजार लिटर, पाच हजार लिटरचे दहा टँकर. हा आकडा लागवडीआधी कागदावर मांडा. पाणी पन्नास रोपांचंच असेल तर पन्नासच लावा.

दुसऱ्या वर्षी पाणी कमी वेळा पण जास्त द्यायचं: डिसेंबर ते जूनच्या मध्यापर्यंत दर पंधरा दिवसांनी ४० लिटर. रोज तांब्याभर पाणी घातलेल्या रोपाची मुळं वर घोटाळत राहतात आणि पाणी चुकलं की आठ दिवसांत झाड बसतं. मूळ खाली खेचायचं असेल तर ओलही खाली हवी. त्यासाठी तीन इंची पाइपचा दोन फुटी तुकडा, बाजूंना भोकं पाडून, रोपापासून हातभर अंतरावर उभा पुरा आणि त्यात खडी भरा. अर्धं पाणी पाइपात, अर्धं आळ्यात. तिसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा पहारीने भोक पाडून बघा. तीन फुटांवर ओल असेल आणि पानं तजेलदार असतील तर दोन-तीन पाळ्यांत भागतं.

काळ्या जमिनीत फेब्रुवारीनंतर भेगा पडतात. भेग रोपाच्या आळ्यातून गेली तर कोवळी मुळं ताणून तुटतात, खालची ओल वाऱ्याने उडते, आणि आपण घातलेली बादली भेगेतून गडप होते. पाणी ओतताना ते आळ्यात न साठता घळघळ आवाज करत जात असेल तर थांबा. खुरप्याने भेगेच्या कडा मोडून भुसभुशीत माती आत ढकला, मग पाणी द्या. आळं दर पंधरा दिवसांनी दोन बोटं खोल खुरपलं की भेगा आळ्यात येतच नाहीत.

वर चार बोटं जाड आच्छादन हवं. सोयाबीनचं भुसकट किंवा उसाचं पाचट, बुंध्यापासून वीतभर लांब. पश्चिमेला तुराट्यांचा आडोसा उभा केला की एप्रिल-मेची दुपारची तिरीप अडते. ४२-४३ अंशांत कोवळ्या बुंध्याची साल त्या बाजूने भाजून फाटते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्जुन पानं टाकतो, तेव्हा पुष्कळ लोक रोप मेलं म्हणून पाणी बंद करतात, आणि खरोखर मारतात. नखाने सालीला बारीक ओरखडा द्या. खाली हिरवं आणि ओलसर असेल तर झाड जिवंत आहे. शेंड्याकडे तपकिरी आणि बुडाशी हिरवं असेल तर हिरव्यापर्यंत छाटा. बुडातूनही अर्जुन चांगला फुटतो. आलेल्या फुटव्यांतला एक जोमदार ठेवून बाकीचे काढा.

रोपं जातात ती कशाने

शेळीने शेंडा खाल्ला की एक वर्ष वाया. बोर-बाभळीच्या फांद्यांची पाच फुटी कुपाटी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत भरवशाची. मात्र ती दर दिवाळीला नव्याने बांधावी लागते. रोह्यांचा (नीलगाईंचा) वावर असेल तर ते नुसतं खात नाहीत, अंग घासून मोडतात. तिथे कुपाटीच्या आत तीन बांबू खोल रोवा.

धुरे जाळण्याची आग ही दुसरी. मार्चमध्ये शेजाऱ्याने पेटवलेलं गवत काठाने धावत येतं. जानेवारीच्या शेवटी रांगेच्या शेताकडच्या अंगाला सहा फुटांचा पट्टा साफ करून ठेवा. आच्छादन स्वतःच पेटतं, म्हणून त्या काळात त्यावर मातीचा पातळ थर टाकून ठेवला तर बरं.

तणनाशकाकडे लक्ष जात नाही. काठालगतच्या उसात २-४-डी मारलं आणि वारा ओढ्याकडे असला की रोपाची कोवळी पानं वळतात, शेंडा वेडावाकडा होतो. रोग समजून लोक बुरशीनाशक मारत बसतात. शेजाऱ्याशी आधीच बोलून ठेवा, आणि फवारणीच्या दिवशी रोपांवर पोती घाला.

पानांवर फोडांसारख्या गाठी आल्या तर घाबरू नका. अर्जुनाच्या पानांवर गाठी करणारी एक बारीक तुडतुड्यासारखी कीड आहे. मोठ्या झाडाला तिचं काही वाटत नाही. रोपवाटिकेत मात्र गाठींची पानं खुडून जाळा. मोठ्या झाडाच्या खोडावर लाकडाच्या भुश्याच्या आणि विष्ठेच्या जाळीदार पट्ट्या दिसल्या तर ती साल खाणारी अळी. पट्टी खराट्याने झाडा, तिच्या टोकाशी भोक सापडेल. त्यात तार घालून अळी टोचा, रॉकेलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा कोंबा आणि चिखलाने लिंपा.

मेलेल्या रोपांची जागा पुढच्या जुलैत भरण्यासाठी रोपवाटिकेत पंधरा-वीस टक्के रोपं जास्तीची ठेवा. पण एकाच खड्ड्यात दुसऱ्यांदा रोप मेलं तर तिसरं लावू नका. तो खड्डा चुकीच्या जागी आहे.

पुढे

चांगल्या जागी तिसऱ्या वर्षी झाड सहा ते दहा फूट होतं. दोन शेंडे फुटले असतील तर हिवाळ्यात एक काढा. खालच्या फांद्या एकूण उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच छाटा, आणि त्याही एका वर्षात सगळ्या नाही. अर्जुनाच्या फांद्या मूळच्याच खाली झुकतात आणि बुडाला सावली धरतात.

झाड मनगटाएवढं झालं की औषधासाठी साल काढणारे येतातच. पंधरा वर्षांच्या आत सालीला हात लावू देऊ नका. त्यानंतरही बुंध्याभोवती गोल साल काढली की झाड उभं वाळतं, कारण पानांत तयार झालेलं अन्न सालीतूनच मुळांकडे उतरतं. काढायचीच तर उभी पट्टी, बुंध्याच्या घेराच्या पाव हिश्श्याहून अरुंद, आणि लाकडाला लागून असलेला ओला आतला थर न खरवडता. पावसाळ्यात काप उघडा ठेवू नका. जखम कडेकडून भरून यायला दोनेक वर्षं लागतात. पुढची पट्टी त्यानंतर, बुंध्याच्या समोरच्या अंगाला.